हाड सांधेना

एक्स-रेवाल्या बाईसाहेबांस,

मी कॉलेज अर्धवट सोडण्याआधी मला ‘ए येड्या’ म्हणणारी तू, आता ‘अहो, हात सरळ ठेवा’ म्हणतेस. तू नकार दिलास त्या दिवशी भिंतीवर गुद्दा हाणून मोडलेलं मनगट अजून सांधत नाहीये. डॉक्टर ओरडले, ‘दारू पितोस म्हणून नवं हाड धरत नाही. अशानं गॅरेजात पानासुद्धा पेलणार नाही!’ मी मान डोलावली आणि पीत राहिलो. हाड सांधलं असतं, तर तुझ्यासमोर बसायचं निमित्त संपलं असतं. काल तू म्हणालीस, ‘पुढच्या वेळी इथे दुसरं कोणी असेल. माझं लग्न आहे.’

ठीक. बाटली मोरीत ओतली. आता हाडाला सांधायचं असेल, तर माझी आडकाठी नाही.

डाव्या हातानं गिरगटणारा,
एक पेशंट