हरभऱ्याच्या झाडावर

३ फेब्रुवारी

घराकडची बदली परत लटकली! साहेबांनी समोर बसवलं, चहा मागवला तेव्हाच ओळखायला हवं होतं. "अहो, तुमच्यासारखा हात अख्ख्या केंद्रात नाही. एवढा हंगाम काढा, मग मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देतो." मागच्या हंगामातही हेच. त्याआधीही हेच. आणि मी? चक्क लाजले! "बरं, सर," म्हणाले आणि चढले हरभऱ्याच्या झाडावर. हरभऱ्याच्या संशोधनात, याच झाडांत, सगळा जन्म गेला माझा. गुडघ्याएवढी असतात. तरी मला खाली उतरता येत नाही.

४ फेब्रुवारी

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी

दिवसभर काचघरात. बाहेर लोक स्वेटर घालून हिंडतायत आणि आत आम्ही तापमानाचा काटा मुद्दाम अडतीसवर ठेवलेला. फुलं उन्हात सापडली की हरभऱ्याचा पराग मरतो, घाटे धरत नाहीत. आणि ऊन तर दरवर्षी लवकर यायला लागलंय. म्हणून झाडांना आधी इथे भाजायचं. जी तरीही घाटे धरतील त्यांचा एकमेकांशी संकर करायचा, आणि पुढची पिढी पुन्हा भाजायची. टिकणाऱ्याला बक्षीस काय? पुढच्या वर्षी दोन अंश जास्त!

साहेब मला कौतुकाने "टिकणारं वाण" म्हणतात. त्याचा अर्थ आज नीट लागला.

बोटांना हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब लागून चिरा पडल्यात. जेवताना मीठ झोंबतं.

१२ फेब्रुवारी

माझ्या हाताखाली एक नवी बाई आली. फक्त या हंगामापुरती. तान्हं बाळ आईकडे ठेवून आलीय. "हंगाम संपला रे संपला की मी पळाले, ताई!" असं पहिल्याच तासाला सांगून टाकलं. मोकळी आहे स्वभावाने. आवडली.

संकर करायला शिकवला. तांदळाच्या दाण्याएवढी कळी. चिमट्याने पाकळी हलकेच बाजूला करायची, आतले पुंकेसर एकेक करून उपटायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, देठाला लाल दोरा बांधायचा. तिचा चिमटा थरथरतो. कळ्यांमागून कळ्या मोडल्या. "माझी बोटंच जाड आहेत हो," म्हणाली आणि डोळ्यांत पाणी. म्हटलं, सवयीने जमेल. खरं तर काहींना कधीच जमत नाही.

साहेब दारातून डोकावले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतात, "ही कायमची राहिली तर तुमच्या बदलीवर त्याच दिवशी सही! पण ती कसली राहतेय."

२० फेब्रुवारी

फुटाणीचे पुढचे दोन दात पडले! (तव्यावरच्या फुटाण्यासारखी उडते म्हणून हे नाव. मीच ठेवलं होतं.) फोनवर म्हणते, "आई, मी साप म्हणते ना, तर थाप होतं!" नवरा मागून ओरडला, "इथे दात नाहीत आणि तुझ्याकडे नुसते चणे!" सगळे खूप हसलो. मग ती एकदम म्हणाली, "आई, नवे दात आल्यावर येशील का?"

फोन ठेवल्यावर नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला कोण जाणे. घरात ऐकायला आहे कोण!

२ मार्च

ऊन एकदम चढलं. बाहेर मुद्दाम उशिरा पेरलेला वाफा आठवड्यात करपला. ओळीच्या ओळी — फुलं खाली, झाडं काड्या. आणि मध्ये एक ओळ हिरवी! वाकून पाहिलं तर घाटे. चिमटीत दाबून पाहिले, भरलेले! माझा संकर. याच हातांनी केलेला. वाफ्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या मी, वेड्यासारख्या. किती वर्षांनी इतका आनंद झाला.

साहेब धावत आले. घाटे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "आणि हा हात मी सोडू म्हणता?"

घ्या! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

३ मार्च

नवऱ्याला हिरव्या ओळीबद्दल सांगितलं नाही.

८ मार्च

नवी काचघरात कोपऱ्यात तोंड करून उभी होती. घाम पुसतेय म्हणाली. घाम कसला! काल फोनवर बाळाने तिचा आवाज ऐकला आणि घाबरून आजीला बिलगलं. "ओळखलंच नाही हो मला." माझ्या ओठांवर आलं होतं — आजच जा, मागे वळून बघू नकोस. पण नुसता रुमाल दिला.

तिचे लाल दोरे मोजायची गरजच नाही. जवळजवळ सगळे घाटा न धरलेल्या नुसत्याच देठांवर लोंबतायत.

१४ मार्च

साहेबांनी नवीला आत बोलावलं. बाहेर आली ती लाजेने लाल होऊन. "ताई, साहेब म्हणाले, तुमच्यासारखा हात अख्ख्या केंद्रात नाही! कायम करतो म्हणाले!"

"चहा मागवला होता?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मला त्यांचं खरं वाटत नाही. तुमचं वाटेल. सांगा ना, ताई, आहे का हो माझा हात चांगला? नाही म्हणालात तर उद्या सकाळी बाळाकडे निघते. राग नाही यायचा मला."

उद्या सांगते म्हटलं. उद्या कशाला? उत्तर तर मला तिथेच ठाऊक होतं.

१५ मार्च

तिचा हात हातात घेतला. बोटं खरंच जाड आहेत, आणि आता त्यांनाही चिरा पडल्यात. म्हटलं, "असा हात मी आजवर पाहिला नाही."

किती हसली ती!

दुपारी साहेबांनी माझ्या बदलीवर सही केली. फुटाणीला कळवलं — दात यायच्या आत येते.