होडीतली चौथी जागा

गेर्लिंगेन, ६ ऑक्टोबर २०२४

ती. ऊर्मिलाताईस लताचा सा. न. वि. वि.

आठवतं, पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला तू माझ्याही रुमालाची कड शिवायचीस आणि मी कापडाखाली चित्रं काढत बसायचे? नातीला कॉमिक्सची पानं रंगवून देताना काल तो तास आठवला. तू न्यूझीलंडहून कळवलेली तुमच्या तळ्याची गोष्ट इराला फार आवडली. ज्वालामुखी फुटण्याआधी धुक्यात दिसलेली माओरींची होडी, ती बघून काठावर गप्प झालेली माणसं. त्यात मी दोन धाडसी जर्मन भावंडं घुसवली आहेत.

चेहरे मात्र आपल्या आल्बममधले. परके चेहरे मला कुठे जमतात? पहिल्या वल्ह्यावर बाबा, मागे आई, तिसरे आमचे हे. सगळे माओरी आजोबांसारखे कसे दिसतात, असं इराने विचारलं, अर्थात जर्मनमध्ये. चौथ्यासाठी आमच्या सत्यजितला उभं केलं. या आठवड्यात बिल्डिंगचा जिना झाडायची आमची पाळी, इथे तिला केरवोखे म्हणतात. झाडू हातात होताच, वल्ह्याची पकड छान मिळाली. पण चिरंजीव दोन मिनिटांत धाप लागून पायरीवर बसले. सूनबाई नीता म्हणतात, ऑफिसात बसून वजन वाढलंय.

पानांची झेरॉक्स पाठवते. तिथल्या कुणा जाणत्याला दाखव. गोष्ट त्यांची आहे, विचारल्याशिवाय इराच्या शाळेत द्यायची नाही.

लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी लता

रोटोरुआ, २८ ऑक्टोबर २०२४

चि. लतास अनेक आशीर्वाद.

पानं मिळाली. उघड्या अंगाने वल्हं मारणारे बाबा बघून हसता हसता डोळे भरून आले. ज्यांना साधी सायकल कधी जमली नाही, त्यांना तू थेट होडीत बसवलंस!

शेजारच्या मेरेआजी माओरी आहेत. त्यांच्या पणजीने ती होडी पाहिली होती म्हणतात. त्यांनी पान मांडीवर घेतलं आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून कोण कोण ते विचारत गेल्या. तिघं वारलेली, तिथे नुसती मान हलवली. चौथा माझा भाचा, जर्मनीत इंजिनिअर आहे, असं सांगितल्यावर बोट झटकन उचललं. त्यांच्या घरात मानतात की ती होडी गेलेल्यांची, जिवंत माणसाला तिच्यात बसवू नये. गोष्ट खुशाल सांगा, पण मुलाला उतरवा, म्हणाल्या. आणि जागा मोकळी ठेवू नका, नाहीतर होडी काठाशी थांबून राहते.

आपण नन्सच्या हाताखाली शिकलेल्या, तू मनावर घेऊ नकोस. तरी बदलून टाक. आणि त्याला डॉक्टरकडे पाठव. ती धाप मला आवडली नाही.

माया कळवायला पत्र अपुरं पडतं, तरी पाठवते.

तुझी ताई

गेर्लिंगेन, १९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी सत्यजित स्टेशनवर कोसळला. हृदयाची झडप निकामी झाली आहे. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, दोष जन्मापासूनचा आहे. म्हणजे चित्राचा काही संबंध नाही, हे मलाही समजतं गं. नीता दिवसभर दवाखान्यात असते, रडत नाही, त्याचीच भीती वाटते.

शाई पुसली जात नाही, म्हणून चित्रातल्या सत्यजितवर पांढरा रंग चढवला. जागा धुक्यासारखी मोकळी झाली. इरा शेजारी दूध पीत होती. तिने विचारलं, होडी थांबली का? मेरेआजींचं बोलणं तिला कुणीही सांगितलेलं नाही.

मग काल आरसा पुढ्यात घेतला आणि चौथा चेहरा काढला, चष्म्यासकट. रागावू नकोस. पुढे आई आहे, हे आहेत, मला तिथे परकं वाटणार नाही.

आजवर केलीस तेवढीच माया पुढेही कर, माझ्या माणसांवर.

तुझी लता

ता. क. घरात कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहून ठेवते. माझ्या पाटल्या नीताला. मोरपंखी पैठणी नणंदेच्या तनयाला, नीता काही नेसायची नाही. बाबांचं घड्याळ तुझ्या कुमारला, दुरुस्तीला मात्र कुठेही टाकू नको म्हणावं. रंग आणि ब्रश इराला. होडीचं मूळ पान मेरेआजींना पाठवावं, त्या करतील ते योग्य. सत्यजितच्या नावाने काही ठेवलेलं नाही. त्याचं त्याला काल दिलं.