कोणत्याही स्वरूपात

१२ एप्रिल, शनिवार

झाला! सही झाली! माझा नियम आता कारखान्याचा नियम.

शंकरप्पा मालकांनी आधी लिहून आणलं होतं — 'बिडी-सिगारेट ओढणाऱ्यास यापुढे नोकरीवर घेतले जाणार नाही.' मी म्हटलं, एवढ्यानं भागायचं नाही. बिडी सोडायची आणि पुडी धरायची, असलेच सगळे. लाल पेन काढलं आणि मधे घातलं, 'किंवा तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेणाऱ्यास'. मालक हसले. "श्रीदेवी मॅडम, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं."

जुन्या लोकांना हात लावायचा नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. त्यांना काढलं तर माग कोण चालवणार! ठीक आहे. नव्यांपासून तर नव्यांपासून.

फेब्रुवारीतली आग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कापसाच्या कचऱ्यात कुणीतरी टाकलेलं एक थोटूक. टॉवेलांच्या गठ्ठ्यांचं गोदाम गेलं ते गेलंच, पण विझवायला धावलेल्या रेवणप्पा वॉचमनचा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात त्याची बायको नुसती माझ्याकडे बघत होती. त्या दिवशीच मी ठरवलं होतं.

चौदा वर्षं या खुर्चीवर आहे. बाईला माणसं घ्यायचं खातं देऊ नका म्हणणारे आता कुठे आहेत?

१५ एप्रिल, मंगळवार

माग दुरुस्त करणाऱ्या इंद्रजीत जॉबरनं भांडण काढलंच. वीस वर्षांचा जुना, त्याला नियम लागूही नाही, तरी पोटात दुखतंय! चहाच्या वेळी सगळ्यांसमोर —

"म्याडम, कारखान्यात वडायची न्हाई, हे बरोबर हाय. आग लागती. पन घरी जाऊन मानूस काय करतंय, ते तुमाला कशाला? मी घरी बायकोवर वरडतो, तेबी लिहून घेता का?"

"घेईन," म्हटलं, "तिला एकदा पाठवून दे."

हशा झाला. मी जिंकले. मात्र तो जाताना म्हणाला, "गरिबाचं काम काडून घेतल्यावर त्याची बिडी सुटत न्हाई म्याडम, जास्तच लागती." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२१ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांकडून पट्ट्या आल्या. लघवीत बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर माणूस स्वच्छ. एकच आली तर अंगात तंबाखू आहे. आमच्या नर्सबाई म्हणाल्या, "दोन रेघा म्हटलं की मला पेढेच आठवतात!"

आज नऊ जण आले. चार गेले. एक जण पाया पडायला लागला, "मॅडम, आजपासून सोडतो." मी म्हटलं, "मनात आणलं तर एका दिवसात सुटतं. सोडून सहा महिन्यांनी ये." मागे वळून न बघता पुढचं नाव पुकारलं. असं कडक राहता आलं पाहिजे.

एकतीस मेला, तंबाखूविरोधी दिनाला, जिल्ह्याच्या कार्यक्रमात आपल्या कारखान्याचा सत्कार होणार! भाषण मी करायचं. मालक स्वतः म्हणाले.

२७ एप्रिल, रविवार

ऊन त्रेचाळीस. अव्वांनी सकाळीच तव्यावर मिसरी भाजली, घरभर ठसका. आमचे नंदीश खोकत गच्चीवर पळाले. माझी डबीही अव्वांनी भरून दिली. सासूसुनेचं एवढ्या एका बाबतीत बिनसत नाही. सकाळी आणि जेवणानंतर दोघी मागच्या पायरीवर बसून दात घासतो, आणि अव्वा जगाच्या चौकशा करतात.

भाषणाची सुरुवात लिहिली. चांगली झाली आहे.

२ मे, शुक्रवार

सोनम नावाची मुलगी आली. वय एकोणीस. टॉवेलाची काठशिलाई करायला बसवलं. काय हात! शिवण अशी सरळ की पट्टी लावून बघितली. इतकी वर्षं मुली घेते, पण पहिल्या दिवशी असा हात मी पाहिला नाही. मनात तिला मशीनही नेमून दिलं होतं.

आणि पट्टीवर एकच रेघ!

"मी बिडी पीत न्हाई म्याडम. आयशप्पत! आमी मायलेकी घरी बिड्या वळतो. दिवसभर हात तंबाकूतच असतात की."

हात बघितले. बोटं पिवळी. नुसत्या हातानं अंगात जातं होय? बिड्या वळणारी एखादी तरी ओढून बघत असणारच. सांगून टाकलं, "खोटं बोलणाऱ्या मुली मला चालत नाहीत." ती रडली नाही. टेबलावरची कात्री जागेवर ठेवून गेली.

३ मे, शनिवार

तिची आई फुलाबाई दारात येऊन बसली. रेवणप्पा म्हणाला, "सकाळच्या सातपास्नं बसलीया."

"बाई, बिड्यांचं सूप मांडीवर घिऊन माजा जलम गेला. खोकून खोकून छाती फुटायची पाळी आली. पोरगी ह्यातनं सुटावी म्हनून तर हितं धाडली. तुमी म्हंता तंबाकू सोडून या. आनि तंबाकू सोडायलाच ती आलीया की!"

खरं सांगायचं तर मला राग आला. पाच-दहा कामगार जमले होते, इंद्रजीतही होता, आणि बाई आवाज न चढवता बोलत होती. मी चढवला. म्हटलं, पट्टी खोटं बोलत नाही. मी जन्मात बिडी-तंबाखूला शिवलेली नाही. सोमवारी सगळ्यांसमोर माझी पट्टी बघा, मालकही असतील. दोन रेघा आल्या की तुम्ही गुमान घरी जायचं.

"येतो की," ती म्हणाली.

५ मे, सोमवार

एक रेघ.

नर्सबाईंनी दुसरी पट्टी काढली. एकच रेघ. टेबलाभोवती सगळे. फुलाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. हसली असती तर बरं झालं असतं.

मालक म्हणाले, "पट्ट्याच खराब आहेत. खोकं परत पाठवा." इंद्रजीतसुद्धा म्हणाला, "उनानं खराब झाल्या असत्याल, म्याडमचं कसं यील?" सगळ्यांचा माझ्यावर केवढा विश्वास! हायसं वाटलं. डॉक्टरांना चार शब्द सुनावले. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, दोन्ही खराब?"

६ मे, मंगळवार

सकाळी पायरीवर बसले होते. बोट तोंडात. आणि तसंच राहिलं.

"अव्वा, हे तंबाखूच ना?"

"मग काय मी साखर भाजते? पानं तूच आणतेस की बाजारातून!"

मीच आणते. एकोणतीस वर्षं! बाराव्या वर्षी दाढ ठणकत होती, आईनं बोटावर घेऊन लावली, तेव्हापासून. मला माहीत नव्हतं असंही नाही. पण तंबाखू म्हणजे बिडी, तंबाखू म्हणजे पिंक टाकणारे पुरुष. हे तर दात घासणं! दात घासायला कुणी व्यसन म्हणतं का?

'कोणत्याही स्वरूपात.' माझंच अक्षर. माझंच लाल पेन.

कुणाला कळणार नाही. खोकं परत गेलं आहे. नवं येईल. आणि सोनम परत आली तर तिची एकच रेघ येईल, आणि ती परत घरी जाईल.

७ मे, बुधवार

लावली नाही. दहा वाजता डोकं धरलं. अकराला नर्सबाईंवर ओरडले. घरी येऊन अव्वांच्या डबीतून चोरून घेतली. चोरून! स्वतःच्या घरात!

एका दिवसात सुटतं म्हणे. कोण शहाणी म्हणाली होती?

९ मे, शुक्रवार

मालकांना सांगितलं. सगळं.

ते मोकळे हसले. "मिसरी होय! आमच्या आईपण लावायच्या. ते कुठं व्यसन? आणि नियम नव्यांना आहे मॅडम, तुम्ही जुन्या."

"मग सोनम?"

"ती नवी."

"ती तर तोंडालाही लावत नाही. मी लावते. इंद्रजीत ओढतो. आम्ही दोघं आत, आणि ती बाहेर."

"नियम तुमचाच आहे ना? सत्कार तोंडावर आलाय. आता बदलायचा म्हणजे लोक हसतील."

बरोबर आहे, हसतील. केबिनच्या बाहेर आले आणि भाषणाचे कागद फाडून टाकले. कारखान्यात बिडी पेटवणाऱ्याला आजही मी दारातून हाकलीन — रेवणप्पाचा हात विसरलेली नाही. पण माणसाच्या हाताचं काम बघायला बसलेली बाई मी. सोनमचं काम बघितलं, आवडलं, आणि तरी मी पट्टीचं ऐकलं.

११ मे, रविवार

नंदीशना बेत सांगितला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. मग म्हणाले, "लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं, बायको इतकी हट्टी आहे." चेहरा मात्र मानकऱ्यासारखा झाला होता. मी फुलाबाईच्या घरी जाऊन आले. सोनमला म्हटलं, मंगळवारी अर्ज घेऊन ये, भीती बाळगू नकोस.

डबी अव्वांना परत दिली. सुटेल तेव्हा सुटेल. पण लपवणार नाही.

१३ मे, मंगळवार

साडेनऊला राजीनामा दिला. पावणेदहाला नवा अर्ज भरला. 'तंबाखू घेता का?' समोर लिहिलं — होय. इतकं नेटकं अक्षर माझं कधी आलं नव्हतं. मग बाहेर नव्या उमेदवारांच्या बाकावर जाऊन बसले, सोनमच्या शेजारी. इंद्रजीत दारात उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मालक धावत आले. "मॅडम, हे काय! आत या की."

"येते," म्हटलं, "नंबर लागू दे. आधी हिचा आहे."