पोटरीला बांधलेली डबी

१२ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सलमधून एक पट्टा निघेल आणि त्याला शिवलेली एक काळी डबी. घाबरू नकोस, फुटत नाही. सकाळी बाबा चालायला उठले की त्यांच्या उजव्या पोटरीला, म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालं त्या पायाला, हा पट्टा बांधायचा आणि बारकं बटण दाबायचं. पाय कसा उचलला, कसा टेकला, कुठं अडखळला, हे सगळं आतल्या कार्डावर उतरतं. तीन आठवड्यांनी ते कार्ड काढून पाकिटात घाल आणि मला पाठव, त्याच्या जागी पार्सलमधलं दुसरं कोरं कार्ड बसव. इंटरनेटवरून पाठवायची खटपट करू नकोस. मागच्या वेळी तू मला शेजाऱ्यांचं वीजबिल पाठवलं होतंस.

हे कशासाठी, ते बाबा विचारतील. माझा प्रबंध म्हणजे एक प्रोग्रॅम आहे. माणूस पडायच्या आधी त्याची चाल बदलते, तो बदल वेळेवर ओळखायचा. लॅबमध्ये मी पोरांना गाद्यांवर पाडून पाहिलं, पण ती हसत हसत पडतात. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पडून उठलेला, स्वतःच्या घरात चालणारा खरा माणूस आण, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही. माझ्या ओळखीत असा माणूस एकच आहे, आणि त्याच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची सही घेतली आहे, तेवढं बरं.

बाकी ठीक. मशीनवाले मला कॉम्प्युटरवाली समजतात आणि कॉम्प्युटरवाले मला पाना घेऊन आलेली मेकॅनिक. दोन्ही विभागांच्या बैठकांना जाते, दोन्हीकडे खुर्ची कमी पडते. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय. पण मला हे शिक्षण आवडतं. पंपांच्या कारखान्यातली नोकरी सोडल्याचं अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही.

एक गोष्ट लक्षात असू दे. मागच्या वर्षी बाबा पडले तेव्हा मी एक सत्र सोडून आले, ती सवलत एकदाच मिळते. या वेळी प्रबंध राहिला तर नाव कमी होईल. तेव्हा पट्टा विसरू नकोस.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
भिंगरी

---

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पाठवते आहे. जपून उघड, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलंय. पट्टा रोज बांधला जातो, बटण दाबलं जातं, हिरवा दिवा लागतो. तू सांगितलंस त्यात तसूभर फरक नाही.

बाबा बरे आहेत. खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवतात. छापखाना सुटला, पण तोंड काही सुटलं नाही, अजून सगळं जग यांच्या मशीनवर नीट छापलेलं पाहिजे. चालण्याचं विचारशील तर पाय भरपूर हलतो. तू काळजी करू नकोस आणि अभ्यासात लक्ष घाल.

माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. एकसारख्या चड्ड्या शिवून शिवून आता डोळे मिटूनही शिवीन. जेवण वेळेवर कर. फोनवर तुझा आवाज घोगरा वाटला. विचारलं की धूळ, धूळ म्हणतेस. कॉम्प्युटरमध्ये कसली आलीये धूळ?

तब्येतीला जप. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी,
आई

---

२० फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. उघडून पाहिलं आणि खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या. बाबांची चाल इतकी एकसारखी आलीये की लॅबमधल्या विशीतल्या पोरांनी लाजावं. लंगडणं नाही, अडखळणं नाही. मी लगेच तक्ता काढून भिंतीवर लावला. समोरच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, हे कोण खेळाडू. मी सांगितलं, माझे वडील. खोटं कशाला, मला फार अभिमान वाटला.

बाईंना मात्र ते पटेना. त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला, खिडकीपाशी नेला आणि विचारलं, हा माणूस वळतो कधी. घरात चालणारा माणूस भिंत आली की वळतो, निदान दारापाशी तरी थबकतो. तुझे वडील तासभर नाकासमोरच चालतात, मध्येच एकदम थांबतात, की पुन्हा तेच. तुमचं घर आहे केवढं, असंही त्यांनी विचारलं. आपल्या दोन खोल्या आणि तो पॅसेज डोळ्यांसमोर आला.

डबीत बिघाड असेल तर दुसरी पाठवते. बाबा नक्की कुठं चालतात, तेवढं कळव. परीक्षकांची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

बाबांना सांग, त्यांचा तक्ता पुन्हा भिंतीवर लावलाय.
तुझी,
भिंगरी

---

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ते बाहेर रस्त्यावर चालतात. रस्ता सरळ आहे, त्यामुळे वळायचा प्रश्न येत नाही. थांबतात ते ओळखीचं कुणी भेटलं की. तुझ्या बाईंना एवढ्या चौकशा कशाला लागतात? नीट चालतंय म्हणून तक्रार करणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकली.

डबी चांगली आहे, दुसरी पाठवू नकोस. काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.
तुझी,
आई

---

७ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

एवढं छोटं पत्र तू आयुष्यात लिहिलेलं नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

काल मी फक्त लय न बघता पाय कुठं जातो तेही काढलं. पाय कुठंच जात नाही. पाऊल उचललंच जात नाही, जागच्या जागी खालीवर होतं. भरभर चालतं, शिवण संपली की थांबतं, कापड फिरवलं की पुन्हा चालू. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, आणि तरी तो तक्ता भिंतीवर लावून खेळाडूची मुलगी म्हणून मिरवत होते. आई, तो पट्टा तू स्वतःच्या पायाला बांधून मशीन चालवत होतीस.

मला राग आला आहे, तो लपवत नाही. चड्ड्यांच्या शिवणीवर मी तीन प्रकरणं लिहिली. बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत, कार्ड रद्द म्हणून नोंद करून घेतली. परीक्षकांना हे सांगावंच लागणार.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की बाबा चालतच नाहीत. किती दिवस? मी सुट्टीत आले तेव्हा काठी घेऊन दारापर्यंत जायचे. तू मला का सांगितलं नाहीस ते समजतं. मी सोडून येईन म्हणून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, आई. मी येते आहे. महिनाअखेर खोली सोडते. नाव कमी झालं तर होऊ दे, पंपांच्या कारखान्यात अजून मला ओळखतात. हे बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

१७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने मशीनवर उघडं ठेवलं आणि ती गणवेश द्यायला गेली. वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे, परंतु पत्र माझ्या पायांबद्दल होतं.

वस्तुस्थिती लिहितो. नोव्हेंबरपासून मी चाललो नाही. न्हाणीघरापर्यंत तुझी आई धरून नेते. पाय चालतो, मन धजत नाही. एकदा पडलेला माणूस फरशीकडे निराळ्या नजरेने बघतो, ते तुझ्या डबीत उतरणार नाही. पट्टा आला तेव्हा मी सांगितलं की मी सही दिली म्हणजे पाय दिलेले नाहीत. त्यावर ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की पुढं काहीतरी होतं, हे इतक्या वर्षांत मी शिकायला हवं होतं. तिला मी बोललो नाही, तूही बोलू नकोस. तुझं शिक्षण पुरं व्हावं म्हणून तिने केलं. अक्कल गहाण ठेवून केलं, पण केलं.

तू सोडून येणार हे मला मान्य नाही. मागच्या वर्षी आलीस तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी धड बोललो नाही. तो राग तुझ्यावर नव्हता. माझ्यामुळे कुणाचं काम अडलेलं मला सोसत नाही. छापखान्यात ताप अंगावर घेऊन मशीन चालवलं, पण माझ्यामुळे छपाई थांबली असं कुणी म्हटलं नाही.

तेव्हा परवा ती बाहेर असताना मीच पट्टा बांधला. वाकायला त्रास झाला. काठी घेतली आणि पॅसेजमध्ये चाललो. दारापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. मध्ये एकदा पडलो. लगेच उठलो, लागलं काही नाही. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. कार्ड याच पाकिटात आहे. पडल्याने मधला भाग खराब झाला असेल, तर छपाईत बिघडलेला ताव बाजूला काढतात तसा काढून टाक. बाकीचं वापर.

खोली सोडू नकोस.

तुझा,
बाबा

---

२६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. मी एकटीने उघडलं, मग बाईंना बोलावलं. मधला भाग काढून टाकलेला नाही.

आधी कामाचं. पडण्याच्या चार पावलं आधी तुमचा उजवा पाय थोडा उशिरा उचलला गेला आहे, आणि प्रोग्रॅमने तो बदल ओळखला. गाद्यांवर पडलेल्या एकाही पोराचा त्याला ओळखता आला नव्हता. बाईंनी तो भाग दोनदा लावून पाहिला. त्यांनी परीक्षकांना सगळं सांगितलं, चड्ड्यांसकट. परीक्षकांनी सत्र वाढवून दिलं आहे, नाव राहिलं. बाईंना ही नोंद प्रबंधात हवी आहे. मी त्यांना थांबायला सांगितलं. तुम्ही सही दिली ती चालण्यासाठी. पडलेलं छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही म्हणालात तर नाही.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंत, लगेच उठलो. बाबा, डबी चालूच होती. ती आडवी झाली आणि आडवीच राहिली. इतका वेळ, की मला वाटलं कार्ड तिथंच संपलं. मग ती जराशी उचलली गेली आणि पुन्हा खाली आली. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी गुडघ्यावर आलात, बहुधा भिंतीला धरून उभे राहिलात. घरात कुणी नव्हतं आणि तुम्ही कुणाला हाक मारली नसणार. मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर रडले. लिहायची लाज वाटत नाही.

पुढचं बघून बाईंनी मला विचारलं, हे काय आहे. तुम्ही खुर्चीकडे गेला नाहीत. पॅसेजच्या सुरुवातीला परत गेलात, आणि पहिला भाग वाया गेला असं समजून सगळं पहिल्यापासून चाललात. दारापर्यंत, वळून, परत. त्या खेपेला पाय एकदाही उशिरा उचललेला नाही.

मी येत नाही. खोली ठेवली आहे. माझा प्रोग्रॅम माणूस कसा पडतो एवढंच बघायचा, तो उठतो कसा यासाठी मी त्यात एक ओळही लिहिली नव्हती. कालपासून ती लिहायला बसले आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे असलेला एकुलता एक माणूस तुम्ही आहात.

पट्टा बांधत राहा, पण आई घरात असताना. लोभ कमी करू नका.
तुमची,
भिंगरी