निळ्या ठिपक्याची नीडल

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या वह्या पुढे म्युझियममध्ये ठेवतात, म्हणून अक्षर नीट काढतोय.
पीएचडीचं नववं वर्ष. विद्यापीठाचं पत्र आलं: २८ मार्चला कमिटीपुढे रिझल्ट दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. दाखवू ना! धमकी कोणाला देता?
संकल्प: रोज आठच्या ठोक्याला लॅबमध्ये. रितिकाशी एक शब्द बोलायचा नाही. (आज अकरा वाजले. आजचा दिवस धरत नाही.)

१८ फेब्रुवारी.
रितिका म्हणजे माझ्यानंतर सहा वर्षांनी आलेली पोरगी. खिडकीजवळचं टेबल तिला, आणि मी बेसिनपाशी. काम दोघांचं एकच: दोन धातू ठराविक प्रमाणात असे जुळवायचे की अणू ओळीने बसतील आणि तिसराच पदार्थ तयार होईल. इंटरमेटॅलिक. ती घेते पॅलेडियम आणि गॅलियम, म्हणजे सोन्याच्या पंगतीतलं. मी निकेल आणि गॅलियम. स्वस्त, देशाच्या कामाचं.
तिची पद्धत बॉल मिल. डब्यात पावडर टाकायची, पोलादी गोळ्या टाकायच्या, की दिवसभर खडखड खडखड. ही काय केमिस्ट्री आहे? मिरची कांडणं आहे! मी भट्टीवाला. क्वार्ट्‌झची नळी, आतली हवा काढायची, तोंड सील करायचं, हजार डिग्री, मग सहा दिवस हळूहळू थंड. खानदानी काम.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
गॅलियम तीस डिग्रीला वितळतं. म्हणजे नागपुरात होळीच्या आधीच बाटलीत डुलायला लागतं. वजन करताना थोडं उडालं, ते नेमकं नत्थूजींच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर. नत्थूजी आमचे लॅब अटेंडंट. संध्याकाळी झाकण उचलायला गेले तर हातात पापडाचा चुरा. गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं, हे शास्त्र आहे. त्यात माझा काय दोष? नत्थूजी म्हणाले, भाऊ, बावीस वर्षांचा डबा होता माया, तुम्ही त्याले एका दुपारात खाल्लं. मी म्हटलं, डबा वजनकाट्यापाशी ठेवलाच काहून?
किती गॅलियम कमी पडलं ते मोजलं नाही. अंदाजाने भागवलं. हात बसलाय माझा.

४ मार्च.
नळी फोडली. आत राखाडी ढेकूळ. देखणं! अणू ओळीने बसले का ते एक्स-रे मशीनवर कळतं, पण तिचा नंबर एप्रिलमध्ये लागतोय. गरजच नाही, मला बघून कळतं. खलबत्त्यात चार तास कुटलं. (कुटणं वेगळं, कांडणं वेगळं.)
सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, प्रबंधाचा मसुदा दाखवला. तीन पानं, तिन्ही लाल करून परत. नऊ वर्षांत या माणसाने माझं एक वाक्य न खोडता दिलेलं नाही. जळतात.

७ मार्च.
पहिली टेस्ट. माझा पदार्थ म्हणजे कॅटॅलिस्ट, रिॲक्शन घडवून आणणारा. फेनिलॲसिटिलीनला हायड्रोजन द्यायचा आणि रिॲक्शन अर्ध्यावर, स्टायरीनवर, थांबवायची. नुसता धातू हावरट असतो, शेवटपर्यंत रेटून नेतो. इंटरमेटॅलिकमध्ये त्याचे अणू लांब लांब बसलेले, म्हणून पुरे झालं की थांबतो. सगळी करामत थांबण्यात आहे.
माझा पदार्थ तर इतका संयमी निघाला की त्याने सुरुवातच केली नाही. शून्य टक्के.
कारण सापडलं: ढवळणं. फ्लास्कमध्ये गरगर फिरणारी चुंबकाची कांडी असते, नीडल. माझी झिजली आहे. पदार्थ उत्तम आहे.

१० मार्च, सोमवार.
रितिका जेवायला गेली तेव्हा तिच्या ड्रॉवरमधून नीडल घेतली. चोरी नाही, लॅबची मालमत्ता आहे. बाईसाहेबांनी टोकाला नेलपॉलिशचा निळा ठिपका लावून ठेवलाय, जशी काही बापाची इस्टेट! आणि पांढरी नीडल पार काळपट. तिची ती पावडर चरांमध्ये बसलेली. स्वच्छता शून्य. असल्यांना फेलोशिप मिळते.

११ मार्च. दुपारी ४.
चौऱ्याण्णव टक्के!!! आणि बरोबर स्टायरीनवर थांबलं!
अख्ख्या डिपार्टमेंटला संत्रा बर्फी वाटली. रितिका सोडून. तिने उलट विचारलं, दादा, ब्लँक रन केला काय, पावडर न टाकता? दादा म्हणते, डोक्यात जाते. बोलायचं नाही असा संकल्प, म्हणून नत्थूजींमार्फत कळवलं की ब्लँक घाबरट लोक करतात. ती चार फुटांवर उभी होती.
कामिनीला फोन केला. बायको माझी, शाळेत शिकवते, मनीषनगरचं घर तीच चालवून राहिली आहे. म्हणाली, मले टक्के नका सांगू जी, संपून राहिलं का तेवढं सांगा. संशोधन असं संपत नसतं, हे त्या घरात कोणाला समजवायचं!

१८ मार्च.
पुन्हा केलं. नव्वद. पुन्हा, सत्त्याऐंशी. उन्हामुळे असेल.

२० मार्च.
रितिका नीडल शोधून राहिली. सगळ्यांचे ड्रॉवर उघडले. मला विचारलं, दादा, निळ्या ठिपक्याची पाहिली काय? नाही म्हटलं. डोळ्यांत डोळे घालून. काय छळ आहे! माणसाने शोध लावावा की लोकांच्या वस्तू सांभाळाव्या?

२६ मार्च.
कमिटीपुढे प्रत्यक्ष रन करून दाखवायचाय, आणि ती भवानी समोर असणार. म्हणून कामिनीचं रिमूव्हर आणून ठिपका पुसला. मग नीडल ॲक्वा रेजियात बुडवली, सोनं विरघळवणाऱ्या ॲसिडमध्ये. दुधासारखी पांढरी निघाली. आता ओळख म्हणावं! पुरावा खलास.
नत्थूजी म्हणाले, भाऊ, नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्हाले काही धुताना पाहिलं.

२८ मार्च, शुक्रवार.
शून्य.
तीन तास ढवळलं. शून्य. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, अकरा तारखेपासून आजपर्यंत काय बदललं? काहीच नाही, म्हटलं. मग आकडे मनाने लिहिले का? म्हटलं, व्होल्टेज. म्हटलं, ऊन. सर खिडकीबाहेर बघत होते. चार एप्रिलच्या आत लेखी खुलासा द्या, नाहीतर बनावट आकडे असा शेरा मारून रजिस्ट्रेशन रद्द. बनावट! मी! तीनदा मोजलेले आकडे!
जिन्यात रितिकाने गाठलं. आता हिला हसायचं असेल, म्हणून मान फिरवली. तर म्हणाली, दादा, आकडे खरेच होते न तुमचे? मले माहीत आहे. माझी नीडल तुमच्याजवळच आहे, ती द्या. तिच्यावर माझं पॅलेडियम बसलेलं आहे, कणभर पुरते त्याले. ते तपासून कमिटीले दाखवू. पदार्थ तुमचा चालला नाही, पण तुम्ही खोटं लिहिलं नाही, एवढं तर सिद्ध होईल. मी सही देते.
खिशातून काढून दिली. तिने उजेडात धरून फिरवली. खूप वेळ फिरवली.
धुतली? एवढंच म्हणाली.

३ एप्रिल, गुरुवार.
चार पानी खुलासा लिहिला. व्होल्टेज, ऊन, बॉल मिलचा आवाज, नत्थूजींचा डबा. जबरदस्त झालाय. कामिनीने उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, यात खरं कोणत्या पानापासून सुरू होते जी?
तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. फाडला तो कागद खराब होता म्हणून.
नवा लिहिला. एक वाक्य: रितिकाची नीडल मी १० मार्चला तिला न विचारता घेतली, ती वापरूनच माझे आकडे आले, आणि २६ मार्चला मी ती धुऊन टाकली.
सरांकडे नेलं. त्यांनी सवयीने लाल पेन उघडलं. वाचलं. परत वाचलं. म्हणाले, याने रजिस्ट्रेशन वाचणार नाही, उन्मेष. मग लाल पेन बंद केलं, निळं काढलं, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.
नऊ वर्षांत माझं पहिलंच वाक्य. एक शब्द खोडला नाही.