पूर येण्यापूर्वी निवाऱ्याची किल्ली

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
आपत्तीपूर्व पुनर्उभारणी नियोजन कक्ष,
जुनी इमारत, मागचा जिना, दुसरा मजला.

अर्जदार : तुळशीराम भिकाजी सोनुने, निवृत्त ग्रामीण डाकसेवक, मौजे धामणखेड, जि. बुलढाणा.

विषय : टेकडीवरील आपत्ती निवाऱ्याची एक किल्ली पूर येण्याआधी गावात ठेवण्याबाबत (अर्ज सातवा).

संदर्भ : १) आमचे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले दि. ९ जूनचे पत्र, ज्यात 'आपत्ती घडल्यानंतर अर्ज करावा' असे कळविले आहे.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी एकतीस वर्षे टपाल वाटले. सरकारी पाकीट हातात आले की आत होकार आहे की नकार, हे मला न उघडता कळते. होकाराची पाकिटे मी साऱ्या नोकरीत दोनच पाहिली. आपले ९ जूनचे पाकीटही मी ग्रामसभेत आधी न उघडताच वाचून दाखविले. नंतर उघडून पडताळले, तेव्हा माझा फक्त जावक क्रमांक चुकला होता.

२. आमचे गाव दोन आळ्यांचे आहे. खालची आळी नदीला लागून, वरची टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर शासनाने आपत्ती निवारा बांधला. बांधकाम चांगले आहे, गाव आभारी आहे. त्याला कुलूप लावून किल्ली मात्र आपल्या कक्षात ठेवण्यात आली. आपला कक्ष नदीपलीकडे अठ्ठावीस किलोमीटरवर आहे आणि पूर आला की सर्वांत आधी पूल पाण्याखाली जातो. म्हणजे किल्ली लागते तेव्हा ती येऊ शकत नाही, आणि येऊ शकते तेव्हा लागत नाही. ही व्यवस्था कोणी आखली हे ठाऊक नाही, पण तिच्यात कुठे फट म्हणून राहिलेली नाही. आम्ही दोन वर्षे शोधली.

३. जुलै २०२३ च्या पुरात खालच्या आळीतील चाळीसेक माणसे त्या बंद दाराबाहेर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत पावसात उभी होती. दारावर 'आपले स्वागत आहे' असे रंगविलेले आहे. वेल्डिंगचे काम करणारे फैजान कुलूप तोडायला निघाले, त्यांना मीच अडविले. "सरकारी मालमत्ता हाय बाबा, हात लावू नको. साहेब चावी धाडून राह्यले," असे मी म्हणालो, कारण फोनवर मला तसे सांगितले गेले होते. माझी मावशी गोजरबाई, वय ब्याऐंशी, पायरीवर भिजत बसली होती. ती मला म्हणाली, "तुळशीराम, कुलपाले एवढा काऊन भेतं रे?" अकराव्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली. आपल्या नोंदीत तिचा मृत्यू 'आपत्तीशी संबंधित नाही' असा आहे, कारण ती बुडाली नव्हती. महोदय, मला याचा राग आहे. निम्मा आपल्यावर आहे आणि निम्मा माझ्यावर.

४. तेव्हा गावाने ठरविले की, पुढच्या पुरात कोण कुठे उतरेल, कोण शिजवील आणि पाणी ओसरल्यावर कोणाचे घर आधी उभे करायचे, हे सारे कोरड्या दिवसांत बसून लिहून काढायचे. आम्हाला योजना करता येत नाही, पण लग्न करता येते. लग्नाचे वऱ्हाड कोणाच्या घरी उतरवायचे, म्हणजे जानोसा कुठे द्यायचा, याची वही आमच्याकडे सत्यभामाबाई ठेवतात. कोणत्या घरात किती माणसे झोपतात, कोणाची विहीर आटत नाही, मोठे पातेले कोणाकडे आहे आणि कोणाला कोणाशेजारी झोपवू नये, हे सगळे त्या वहीत आहे. फैजानचे वडील अब्दुल गनी यांची मुलगी राबिया हिच्या लग्नात रोहिणखेडहून आलेली एकशे दहा माणसे अवकाळी पावसाने दोन दिवस अडकली होती. ती याच वहीच्या आधारे वरच्या आळीत घरोघरी राहिली, आणि एकही माणूस उपाशी झोपला नाही. म्हणून पुराची योजनाही त्याच वहीत लिहिली. रकाने आधीच आखलेले होते, तेव्हा वरची आळी 'वधूपक्ष' आणि खालची आळी 'वरपक्ष' झाली. सगळी घरे भरल्यावर त्रेचाळीस माणसे उरतात. त्यांच्यापुढे सत्यभामाबाईंनी 'टेकडीवरचा निवारा' असे लिहिले आहे.

५. फेब्रुवारीत रंगीत तालीम घेतली. खालच्या आळीचे कडूबा, वय चौऱ्याहत्तर, आपले नाव वरपक्षात आहे हे कळल्यावर वेशीवरच रुसून बसले. "आमाले घ्याले कोनी आलं नाही, चा नाही, पानी नाही. असा पूर आमाले नाही पाह्यजे," असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांची समजूत काढण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात खरा पूर असता तर वरपक्ष वाहून गेला असता. सबब योजनेत कलम बारा घातले : 'पुरात मानपान होणार नाही, पाणी ओसरल्यावर सवडीने केला जाईल.' कडूबांनी त्यावर सही केली, परंतु चहा गरम असावा ही पुस्ती जोडायला लावली. तीही मान्य करण्यात आली.

६. ही वही आम्ही किल्लीच्या मागणीसोबत आपल्याकडे सादर केली. आपल्या कक्षाने ती सामूहिक विवाहाची समजून विवाह साहाय्य शाखेकडे वर्ग केली. त्या शाखेने वराचे वय एकवीस पूर्ण असल्याचा पुरावा मागविला. कडूबा आधार कार्ड घेऊन दोनदा हजर झाले. दुसऱ्या खेपेस त्यांच्या सौभाग्यवतीही सोबत होत्या, वधू कोण ते पाहायला. वही परत मिळवायला अकरा आठवडे लागले.

७. त्यानंतर विहित नमुन्यातील रकाना चार, 'आपत्तीचा दिनांक', कोरा असल्याची त्रुटी निघाली. पूर अजून आलेला नाही, तो येण्याआधीचीच ही योजना आहे, असे मी टेबलावरील डिंपल मॅडमना समजाविले. त्या स्वभावाने चांगल्या आहेत. "काका, मले समजते, पन तारीख टाकल्याबिगर कम्प्युटर फाईल घेतच नाही," असे त्यांनी हळूच सांगितले. तेव्हा मी १५ ऑगस्ट ही तारीख टाकली. त्या दिवशी झेंड्याला सारे गाव एकत्र असते, मोजायला सोपे जाईल. त्यावर आपले लेखी उत्तर आले की, सदर दिनांक सार्वजनिक सुटीचा असल्याने आपत्ती कार्यालयीन कामकाजाच्या दिवशी प्रस्तावित करावी. मी ती १८ ऑगस्ट केली. सोमवार आहे, नदीला चालेल असे वाटते.

८. आणि आता ९ जूनच्या पत्रात आपण कळविता की, किल्ली आपत्ती घडल्यानंतर पंचेचाळीस दिवसांत, चौकशीअंती मिळेल. सोबत 'निवाऱ्याचा प्रत्यक्ष वापर होत असल्याचे आतील छायाचित्र' जोडणे बंधनकारक आहे. बंद खोलीचे आतून छायाचित्र कसे काढावे, यावर ग्रामसभेत पूर्ण एक तास चर्चा झाली. शेवटी मी सातवा अर्ज लिहायला घेतला.

९. तो अर्धा लिहून झाला असताना पुढील प्रकार घडला. वरच्या भागात तीन दिवस पाऊस लागून होता. नदीने १८ ऑगस्टची वाट पाहिली नाही. आज, दि. २६ जून रोजी सकाळी दहा वाजता पूल पाण्याखाली गेला व पाणी खालच्या आळीत शिरले. सत्यभामाबाईंनी वही उघडून नावे पुकारली. बावीस मिनिटांत खालची आळी रिकामी झाली. मानपान कोणी मागितला नाही. उरलेली त्रेचाळीस माणसे टेकडीवर आली आणि दारासमोर उभी राहिली. सगळे माझ्याकडे पाहत होते. फैजान हत्यारे घेऊन आले होते. मीच त्यांच्या हातातून पाना घेतला आणि कडीचे चार नट खोलले. सहा मिनिटे लागली. दोन वर्षांपूर्वीही सहाच मिनिटे लागली असती.

१०. आत एका भिंतीला छतापर्यंत गठ्ठे रचलेले आढळले. सोडून पाहता, त्यात आपल्याच कक्षाने गावोगाव वाटण्यासाठी छापलेल्या 'आपत्ती येण्याआधी आपले गाव' या पुस्तिकेच्या सहा हजार प्रती निघाल्या. पुस्तिका उत्तम आहे. पान नऊवर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'निवाऱ्याची किल्ली सदैव गावातील दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी.' गठ्ठ्यांवर चादरी अंथरून म्हाताऱ्या माणसांची बसायची सोय केली आहे. ओल अजिबात लागत नाही.

११. सबब, किल्लीची आमची मागणी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. दाराला गावाने स्वतःचे कुलूप आणले आहे. त्याची एक किल्ली सत्यभामाबाईंकडे व एक अब्दुल गनी यांच्या पत्नी नसीमा यांच्याकडे राहील. दोघींची घरे टेकडीच्या पायथ्याशी आहेत. त्रेचाळीस माणसे आत कोरडी बसली आहेत, कडूबांचा चहा गरम होता. गोजरबाई ज्या पायरीवर बसली होती, तिथेच बसून मी हे लिहितो आहे आणि पाठीमागे दार उघडे आहे. पूल पाण्याखाली असल्याने हा अर्ज आपणास उशिरा मिळेल, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला, पूर्वीपेक्षा थोडा कमी नम्र,

(सही)
तुळशीराम भिकाजी सोनुने
मौजे धामणखेड, टेकडी
दि. २६ जून २०२५

सोबत :
१) सत्यभामाबाईंच्या वहीची प्रत. हे लग्न नाही.
२) कडूबा यांच्या वयाचा पुरावा (तिसऱ्यांदा).
३) निवाऱ्याचा प्रत्यक्ष वापर होत असल्याचे आतील छायाचित्र, आपण मागितल्याप्रमाणे.
४) आपली पुस्तिका, एक प्रत, पान नऊ दुमडलेले.
५) आपले कुलूप, एक नग, शाबूत. किल्ली आपल्याकडे आहेच, लावून पाहावी.