तहातली मुलगी

अमरावती
१० जानेवारी २०२३

प्रिय आत्या,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालते. दर्यापूरला सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतात, कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, तुरी यंदा बऱ्या आल्या. मी इथं कॉलेजात इतिहास शिकवते, शनिवारी गावी जाते.

तू मला ओळखशील का, माहीत नाही. आजी गेली तेव्हा तू अंगणातच उभी राहिलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि अकोल्याच्या गाडीनं परत गेलीस. तेवढीच आपली भेट.

सध्या वर्गात युरोप चालू आहे. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया अडीचशे वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मग शेजारचं प्रशियाचं राज्य डोईजड झालं, ऑस्ट्रियाचा एक सुपीक प्रांत गिळून बसलं, आणि १७५६ साली या दोन वैऱ्यांनी तह केला. पुढे तो टिकावा म्हणून ऑस्ट्रियाच्या राणीनं चौदा वर्षांची लेक फ्रान्सच्या राजघराण्यात दिली. कोणी एक फार मोठा होऊ नये म्हणून बाकीच्यांनी जोड्या बदलायच्या, हे मी काल फळ्यावर बाण काढून समजावत होते. मागच्या बाकावरची रागिणी म्हणाली, "मॅडम, तिले कोणी इचारलं होतं काय?"

मी फळ्यावरचे बाण पुसले आणि तास लवकर सोडला.

आमच्याकडेही तेच चाललंय, आत्या. बाजार समितीत एक नवा पुढारी शिरलाय. गेल्या खेपेला त्यानं बाबांचं पॅनल पाडलं, बाबांच्या जुन्या विरोधकांचंही पाडलं. जे एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, ते आता मांडीला मांडी लावून बसतात. ही दोस्ती पक्की व्हावी म्हणून त्या विरोधकांच्या घरात सोयरीक ठरतेय. माझी.

मुलाचं नाव ललित. शेतीचं शिकलाय, स्वतः राबतो. मुलाचे वडील

हे वाक्य मी अर्ध्यावर सोडलं होतं. मुलाचे वडील महादेवराव.

परवा रविवारी ते पाहायला आले. निघताना महादेवराव चपला घालता घालता बाबांना हळूच म्हणाले, "साधना कशी हाये?"

"बरी असन," म्हणून बाबा दुसरीकडेच पाहू लागले.

ते गेल्यावर मी आईला खोदून विचारलं. तुझं आणि महादेवरावांचं लग्न करायचं ठरलं होतं, बाबा "वैऱ्याच्या घरात बहीण देत नसतो" म्हणाले, मग तू एकही स्थळ पाहू दिलं नाहीस, सगळं आईनं सांगितलं. तोवर मला वाटायचं, माझी आत्या माणूसघाणी आहे.

आणि ललित मला आवडला. आम्हाला बोलायला मागच्या ओसरीत बसवलं, तेव्हा तो म्हणाला, "मले सारं माहीत हाये. निवडणुकीसाठी हो म्हणू नको. माह्यासाठी म्हणायचं असन तर म्हण." तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय ते मला कळलंच नव्हतं. आता कळतंय आणि डोकं चालत नाही. हो म्हणाले तर तुझ्याकडून हिसकावलेलं मी घेते. नाही म्हणाले तर शिक्षा कोणाला होते? मला, त्या बिचाऱ्याला. मी तुझी परवानगी मागतेय की बाबांच्या वतीनं माफी, तेही नीट सांगता येत नाही.

बाबांना मी म्हटलं, आत्याला विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

"तिले कायले मधात घेतं?" बाबा चिडले, उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, "लिही." घर नंबर, गल्ली, पिनकोड, तुझा सगळा पत्ता न अडखळता सांगितला. कुठं लिहून ठेवला होता, विचारलं, तर म्हणाले, "कुठंच नाही."

मला काय वाटेल याचा विचार न करता लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

आणखी एक. येत्या रविवारी बाबा अकोल्याला यायचं म्हणतात. तू दार उघडशील का, ते मला विचारायला सांगितलंय.

तुझ्याच भावाची मुलगी,
आचल